मयूर गाडीत कोंबड्या बसल्या त्याची गोष्ट

आमचे हे गेले त्याले आता महिना होऊन राह्यला. भेटाले जो येते तो एकच म्हनते, खुशालभाऊ लय साधा मानूस, कोनाच्या अध्यात नाई का मध्यात नाई. मी मुंडी हालवतो, चहा देतो. पन मनात म्हनतो, अध्यात ना मध्यात? अवो बापा, एवढी मोठी मोटर कंपनी या मानसानं दोन जिल्ह्यातून उठवली! बाकी काईही सांगा, साधा नोका सांगू.

नात म्हने, आजी, तू बोलतं तसंच मोबाईलवर टाइप कर, आमी सारे वाचू. म्हनून लिहून राह्यली. आमच्या गोतातल्या नव्या पोट्ट्याईले हे काईच मालूम नाई. त्याईले आजोबा म्हंजे खाटेवर बसून बिडी लपवनारा बुडगा, एवढंच मालूम.

शहाऐंशी का सत्त्याऐंशीचं साल असन. चंद्रपुरात एका शेठनं मयूर गाडीची एजन्सी घेतली होती. मयूर म्हंजे लय मोठ्या लोकाईची गाडी. लांब, दुधावानी पांढरी, नाकावर चांदीसारखा मोर. बाकीच्या गाड्या तिच्यापुढं बैलबंडीवानी दिसत. आत मखमलीची गादी, अन् गादीवर कंपनीचं प्लास्टिक. ते काढाचं नाई, गाडी जो घेईन तोच काढन, असा नियम. अन् दरवाज्याची मूठ दिसेच ना. बोटभर खाच होती, तिच्यात बोट घालून आधी दाबाचं, मंग वढाचं. मोठमोठे लोक दरवाज्यापुढं उभे राहून नुसते चाचपत. मंग आमचे हे धावत जाऊन उघडून देत.

हे त्या एजन्सीत डायवर होते. आधी जंगलात बांबूचा ट्रक चालवला होता. शेठनं पांढरा डरेस देल्ला, टोपी देल्ली, टोपीवरही मोर. अन् बजावून सांगतलं, "खुशाल, ये गाडी दिखाने की है, बिठाने की नहीं. जितके कमी लोक बसतीन, तितका तिचा भाव. समझा?"

हे म्हने, समजलो.

शेठचं म्हननं असं का धानाच्या गिरनीवाले अन् तेंदूपत्त्याचे ठेकेदार याईच्या जवळ पैसा हाय, पन फिरतेत जुन्या जीपीत. त्याईच्या डोळ्यापुढून मयूर फिरवाची. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, जा अन् ये. एक गाडी विकली का खुशालची नोकरी पक्की.

मले पाहाले हे त्याच गाडीनं आले. आमचं गाव सिंदेवाही अन् नागभीडच्या मंधात, सडकेच्या काठावर, तिन्हीकडून जंगल. गाडी दारात उभी राह्यली तं अर्धं गाव गाडी पाहाले आलं अन् उरलं ते नवरदेव पाहाले. मी दाराच्या फटीतून पाह्यलं तं मलेही पयले मोरच दिसला. हे मोराच्या मांगं होते.

माह्या बापाचं नाव नानाजी. गिरनीत पोते उचले, पन बोलनं वकिलाचं. पोहे संपू देल्ले अन् इचारलं,

"गाडी तुमची?"

"नाई मामाजी, कंपनीची."

"डरेस?"

"तोही कंपनीचा."

"मंग तुमचं काय हाय?"

हे म्हने, "मिशी."

आत बाया फिदीफिदी हासल्या. बाबा नाई हासला.

"नोकरी पक्की?"

"एक गाडी विकली का पक्की."

"मंग विका. विकली का या. तवर पोरगी इथीच हाय, कुठी जात नाई."

झालं. मी आतमधून आयकून राह्यली होती. मले मिशी पसंत पडली होती, पन बापापुढं बोलते कोन? त्या दिवसापासून मीही त्या गाडीच्या गिऱ्हाइकाची वाट पाहू लागली. नव्या नवरीनं नवऱ्याची वाट पाहावी, मी ठेकेदाराची पाहून राह्यली होती.

आता शकुबाईचं सांगतो. शकुबाई म्हंजे आमच्याच गावची बुडी, कोंबड्या अन् अंडे इके. बाजाराच्या दिशी सिंदेवाहीले जाये, इकले तेवढे इके, उरले ते टोपल्यात झाकून वापस आने. येतानी एष्टी भेटली तं भेटली, नाई तं पायी. अन् आमच्या भागात एक रीत हाय, ते बाहेरच्याईले समजत नाई. जंगलाच्या सडकेवर सांज झाली अन् कोनी पायी जातानी दिसलं, तं गाडीवाला थांबते. बंडी असो, ट्रक असो, सायकल असो. वैरी असला तरी बसवते. काऊन का वाघ काई तुमची भांडनं पाहात नाई. आमच्या याईच्या बापानं बंडीवर हेच केलं, याईनं ट्रकवर हेच केलं. आता मयूर हातात आली तं पाय ब्रेकवर आपोआपच गेला.

शकुबाई पयल्या दिवशी गाडीजवळ आली अन् उभीच राह्यली.

"काऊन थांबला रे बापू? रस्ता चुकला का?"

"बस ना बाई. सांज झाली."

"पाय पुसू का?"

"प्लास्टिक हाय, काई होत नाई."

"अन् कोंबड्या?"

"त्याईलेही प्लास्टिकच हाय."

असी शकुबाई बसली. अन् बसली ते बसलीच. पुढच्या बाजारी ती नाक्यावर उभी, तिच्यासंगं शेजारची मंगली, मंगलीसंगं तिची बकरी. त्याच्या पुढच्या बाजारी तं गावचे लोक बाजारातून मुद्दाम सावकाश निघाले. एष्टी पुढून गेली, कंडक्टर हाका मारून राह्यला, अन् हे लोक म्हनतेत, जा बापा तू, आमची गाडी मांगून येऊन राह्यली.

आमच्या गावात सारे उतरले का गाडी आमच्या घरामांगं यायची. मी अन् हे मिळून पुसत होतो. पिसं, लेंड्या, भाजीचा पाला, कोनाचं सांडलेलं तेल. बाबा गिरनीतून याच्या आत सारं साफ करा लागे. मोराची चोच मी राखेनं घासे. लोकाईचं लगन जमलं का बागेत फिरतेत, आमी कोंबड्याईची घान काढली. पन खरं सांगतो, तेवढं बोलनं मंग पुऱ्या संसारात झालं नाई.

मी म्हने, "शेठले समजलं तं?"

हे म्हने, "शेठ चंद्रपुरात हाय. वाघ इथी हाय."

दिवाळी झाली अन् मंडईची जत्रा लागली. तिथी याईले गिऱ्हाईक भेटलं. बापूराव, नागभीडचा तेंदूपत्त्याचा ठेकेदार. बोटात आंगठ्या, अंगात सफारी, अन् बोलतानी आपल्याच आवाजाकडं कान देनारा मानूस. गाडीच्या भोवती फिरला, मोरावर हात फिरवला अन् म्हने, "आपल्या इलाख्यात असी दुसरी हाय का?"

"नाई जी."

"कोनी घेऊन राह्यलं का?"

"नाई जी, तुमीच पयले."

"मंग ठीक हाय. मी घेतल्यावर दुसऱ्यानं घेतली तं मजा काय?"

ठरलं असं का एक दिवस बापूराव गाडीत बसून नागभीडहून सिंदेवाहीले येईन. बाजाराच्या दिशीच. सारा बाजार पाह्यन, अन् तिथीच गिरनीवाल्या सोयऱ्यापुढं इसाराचे पैसे देईन. याईनं घरामांगून सांगतलं तवा मी हातातली राख तसीच तोंडावर घेतली, एवढी लाजली.

पन बापूरावले निघालेच उशीर झाला. कोनी आलं, कोनी गेलं, सफारीले इस्तरी करनं झालं. गाडी आमच्या जंगलात आली तवा दिवस बुडाले आला होता. अन् त्याच वक्ती आमी बाजारातून वापस येऊन राह्यलो होतो. मी, बाबा अन् शकुबाई. एष्टी आलीच नव्हती. आठ दिवसापयलेच त्याच वळनावर गावातल्या लालसूचा बैल वाघानं नेला होता, म्हनून बाबा हातात काठी घेऊन मोठमोठ्यानं बोलत चालला होता. वाघाले आवाज दिला का तो बाजूले होते म्हनतेत. बाबाचं बोलनं आयकून कोनीही बाजूले झालं असतं.

समोरून मोर चमकला. मले गिऱ्हाइकाचं मालूम होतं, बाबाले अन् शकुबाईले नाई. मी पाह्यलं, मांगं सफारी बसून हाय. शकुबाईनं तं एष्टीले दाखवावा तसा हात दाखवला. मी तिच्या मांगून याईले खूण केली, जा, जा, थांबू नोका.

बाबा म्हने, "काऊन हाकलतं वो त्याले? येडी झाली का?"

गाडी आमच्या बाजूनं निघून गेली. याईनं माह्याकडं पाह्यलंही नाई, सिधं समोर. मले बरं वाटलं अन् लय वाईटही वाटलं. बाबा काठी वर करून बोंबलला, "अरे खुशाल, मानूस हाय का पैजामा?" मी म्हनलं, जाऊ द्या बाबा, आपन चालू. वळनावर गेली असन नसन, अन् गाडीचे मांगचे लाल लाईट लागले.

मंग गाडी उलटी आली. हळूहळू, मांगं मांगं, आमच्या पायापर्यंत.

शकुबाई धावली. खाचेत बोट घातलं, दाबलं, वढलं, दरवाजा खाडकन उघडला. ठेकेदाराले जे मूठ नागभीडात सापडली नव्हती ते शकुबाईले अंधारात सापडली. "अगो माय, कोन बसून हाय! सरका ना जी भाऊ, जरासे. हे धरा बरं." टोपली त्याच्या मांडीवर. ठेकेदारानं जल्मात कोनाचं काई धरलं नसन, पन घाईगडबडीत त्यानं धरली. त्याच्या बाजूनं शकुबाई, तिच्या बाजूनं बाबा. मी समोर, याईच्या बाजूनं.

मी हळूच म्हनलं, "काऊन थांबले? आता लगन?"

हेही हळूच म्हने, "तुह्या बापाले वाघानं नेलं तं पोरगी मागू कोनाले?"

गाडी आता सिंदेवाहीच्या ऐवजी आमच्या गावाकडं वळली होती. मांगून बाबाचा आवाज आला, "पाहुने, तुमी कुठी उतरता?"

"मी," बापूराव म्हने, "हे गाडी घेऊन राह्यलो."

आता इथी बाबाच्या डोक्यात उजेड पडला. हाच तो. हाच तो जो गाडी घेईन अन् मंग पोरीचं लगन होईन. बाबानं मनात घेतलं का जावयाले मदत कराची. अन् गाडीचे असे गुन गाले, असे गुन गाले, का मी समोर बसून डोळेच मिटले.

"घ्या ना पाहुने! आख मिटून घ्या! आमी सारं गाव बाजाराच्या दिशी हिच्यातच येतो. एक दिवस तं आठ मानसं होतो, पन काई तक्रार नाई."

शकुबाई म्हने, "माहे अंडे घ्या ना! एवढ्या खेपेत एकही फुटलं नाई."

"मंगलीची बकरी बसली."

"बकरी इथीच होती जी, तुमच्या जागेवर."

"अन् धुतली का पुन्हा नवी! घ्या, बिलकुल घ्या."

टोपल्यातली एक कोंबडी तेवढी बोलली. उतरतानी बाबानं त्याच्याकडं हात केला अन् मोठ्या प्रेमानं "जयभीम" म्हनला. बापूरावनं आपला हात सफारीच्या खिशात घातला, जसं काई तिथी काई शोधून राह्यला.

दुसऱ्या दिवशी चंद्रपुरात निरोप गेला. जिच्यात कोंबड्या बसतेत ते गाडी मी काऊन घेऊ? नाव कोंबड्याईचं पुढं केलं त्यानं. पन मी गाडीच्या आरशात पाह्यलं होतं. कोंबडी मांडीवर होती तवर तो ठीक होता. बाबाच्या जयभीमनंतर त्याचं तोंड आंबलं.

मंग काय, गोष्ट हवेवर गेली. गिरनीवाला म्हने, मयूर? ते शकुबाईची? ब्रह्मपुरीच्या एकानं जवळजवळ घेतलीच होती, त्याची बायको म्हने, त्या बकरीच्या गाडीत मी नाई बसत. एकानं रंगाचं सांगतलं, एकानं पेट्रोलचं, एकानं सडकेचं. खरं कोनीच सांगे ना. दोन जिल्ह्यात एकही मयूर गेली नाई. शेवटी कंपनीचे दोन टायवाले आले लांबून, काऊन खपत नाई ते पाहाले. कोनीतरी त्याईले आमच्याच गावात धाडलं. त्याईनं इचारलं, गाडीत काय कमी हाय? लोक म्हने, काईच नाई. शकुबाई म्हने, टोपल्याले जागा कमी पडते, तेवढं पाहा. टायवाल्याईनं एकमेकाकडं पाह्यलं. शेठनं मंग याईची टोपी काढून घेतली अन् डरेसही.

हे आमच्याकडं सायकलनं आले. साध्या कपड्यात. गावातलं कोनी पाहाले आलं नाई. बाबा ओसरीवर बसून होता.

"गाडी नाई विकली?"

"नाई मामाजी."

"नोकरी?"

"गेली."

"आता तुमचं काय हाय?"

हे म्हने, "मिशी हाय अजून."

मी आत उभी. मले वाटलं आता बाबा म्हनन, तुमी माह्यापाई थांबले, माहा जीव वाचवला, घ्या पोरगी. बाबाच तो. म्हने, "हे पाहा, तुमी माह्यापाई थांबले, हे खरं. मी तोंड उघडलं अन् तुमचं गिऱ्हाईक पळालं, हेही खरं. पन मी पोरगी उपकारात देत नाई. उद्या तिलेच वाटन, बापानं उसन्याची परतफेड केली. बोलनं एक गाडी विकाचं झालं होतं. एक गाडी विका." अन् उठून धोतर झटकलं. "चला. मीही येतो संगं."

दोघंही एकाच सायकलवर नागभीडले गेले. बाबा मांगं बसून. तिथी अयूबभाईचं पंक्चरचं दुकान होतं, टेशनाजवळ. अयूबभाई याईच्या ट्रकच्या दिवसाचा दोस्त. त्याच्याजवळ रोजचं रडगानं, का रेल्वेतून उतरलेले लोक गाडीसाठी ताटकळतेत, एष्टी येत नाई. बाबानं त्याच्यापुढं तेच गानं लावलं जे ठेकेदारापुढं लावलं होतं. आठ मानसं, बकरी, अंडे, सारं. याईनं डोक्यावर हात मारला, का मामाजी आता इथीही घालवतेत.

अयूबभाईनं हातातली टूब पान्यात सोडली. म्हने, "क्या बात करते नानाजी! ज्या गाडीत बसाले लोक एष्टी सोडून देतेत, ते गाडी भंगार कसी? शेठले बोलतो मी."

शेठले तं ते डोळ्यापुढून घालवाचीच होती. देल्ली त्यानं. अन् अयूबभाईनं पयलं काम काय केलं, गादीवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. म्हने, आता लोकाईच्या बुडाले मखमल लागू दे. डायवर कोन? खुशाल. नोकरी पक्की? अयूबभाई म्हने, गाडी हाय तवर मी हाय अन् मी हाय तवर हा हाय.

बाबा घरी आला अन् माह्या माईले म्हने, "एक गाडी गेली. मीच विकली म्हना ना."

आमचं लगन उन्हाळ्यात झालं. बुद्धाच्या अन् बाबासायबाच्या फोटोपुढं, पांढऱ्या लुगड्यात. वरात त्याच गाडीत, अन् शकुबाई आमच्या दोघाईच्या मंधात बसली, कारन ते जागा तिची होती.

गाडी लय वर्षं चालली. बापूरावची जीप एका सांजी त्याच जंगलात बंद पडली, तवा तोही सडकेवर उभा होता हात दाखवून. हे थांबले. आतमधून शकुबाईच म्हने, "सरका वो बायाहो, बसू द्या त्याले. याच्या मांडीवर टोपली चांगली राह्यते." बसला बिचारा. टोपली घेऊन बसला. उतरतानी याईले म्हने, "खुशाल, गाडी चांगली होती रे." हे म्हने, "हाय ना जी."

मंग गाडीचा तळ सडला, मोराची चोच तुटली. तो मोर आता आमच्या टीवीवर ठेवून हाय.

गेल्या महिन्यात याईले चंद्रपूरच्या दवाखान्यातून घरी आनून राह्यलो होतो. हे झोपून होते, पांढऱ्या चादरीखाली. मी बाजूनं. सडक आता मोठी झाली, पन ते वळन तेच हाय. दिवस बुडून राह्यला होता. समोर एक बाई दिसली, डोक्यावर सरपनाचा भारा, एकटी. गाडी तिच्या बाजूनं निघून गेली.

मी डायवरले म्हनलं, "थांब."

"काऊन आजी?"

"ते बाई हाय ना मांगं. घे तिले."

"आजी, मयत हाय गाडीत."

"मालूम हाय मले. त्याईचीच हाय ते मयत. उलटी घे."

त्यानं घेतली. पोट्टा चांगला होता. दरवाजा उघडला, बाईनं आत पाह्यलं अन् भारा हातातच राह्यला. "माय वो, इथी तं..."

"बस वो बाई. सांज झाली."

ती चढली, पन बसाले जागा पुरे ना. मी याईच्या खांद्याले हात लावला अन् म्हनलं, सरका ना जी, जरासे.

पुऱ्या जल्मात पयल्यांदाच त्याईनं आयकलं नाई. मंग मीच सरकली.